मे महिन्यात कुरडया का बिघडतात, आणि वाळवण दोन तुकड्यांत कसं करायचं

नाशिककडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात जावा, नणंदा, मुलं जमली की 5 किलो गव्हाच्या कुरडया घालतात. गेल्या तीन वर्षांत दोनदा सगळं वाया गेलं. एकदा पाऊस आला आणि कुरडया चिकट होऊन काळ्या पडल्या. दुसऱ्यांदा कडक ऊन असूनही त्या तडकल्या, चिकालाही आंबूस वास होता. आता तारीख अलीकडे घ्यावी, घरात पंख्याखाली वाळवावं, की हा सगळा खटाटोपच सोडून द्यावा?

ताई, तुम्ही दोन वेगळे बिघाड एका प्रश्नात सांगितलेत. पहिला ओलीचा, दुसरा उष्णतेचा. दोन्हींचं मूळ हवामानात आहे, पण उपाय उलटे आहेत. म्हणून ते वेगवेगळे घेते.

आधी एक गोष्ट मान्य करू. मे महिन्यात पाऊस येणं नवं नाही. वळीव आपल्याकडे पूर्वापार येतो, आणि वाळवणाची जुनी रीत त्याला धरूनच बसवलेली आहे. दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं की उचला, संध्याकाळी तास-दीड तास पाऊस पडून जाऊ द्या, सकाळी नऊला धुतल्यासारखं ऊन पडलं की पुन्हा पसरा. वळवाने वाळवण एक दिवस लांबायचं, बुडायचं नाही. बुडतं ते सलग मळभाने. 2025 चा मे आठवा. महिन्याच्या सुरुवातीपासून राज्यभर पाऊस, केरळात मान्सून 24 मेला आणि मुंबईत 26 मेला. नेहमीच्या तारखा अनुक्रमे 1 जून आणि 11 जून. देशभराचा विचार केला तर 1901 पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत ओला मे होता. असा महिना आला की दिवसा ऊन नाही, रात्री हवा दमट, आणि सकाळी पसरलेलं संध्याकाळी तितकंच ओलं. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्र आणि हवा दोन्ही तापत असताना असे दमट आठवडे अधिक येणार, हे धरूनच बेत आखायला हवा. एखाद्या विशिष्ट वर्षीचा पाऊस हवामान बदलामुळेच आला, असं मात्र घरबसल्या ठरवता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

तुमची खरी अडचण तारखेची नाही, हिशेबाची आहे. कुरडईला गहू भिजवण्यापासून कडकडीत वाळेपर्यंत सहा-सात दिवस लागतात: तीन दिवस भिजवणं, चौथ्या दिवशी वाटणं आणि चीक बसवणं, पाचव्या दिवशी घालणं, त्या दिवसासकट दोन-तीन दिवस ऊन. गडगडाटी पावसाचा भरवशाचा अंदाज मात्र फार तर एक-दोन दिवस आधी मिळतो. म्हणजे गहू भिजत घालताना तुम्हाला ज्या दिवसांची खात्री हवी असते, त्यांच्याबद्दल त्या वेळी कोणालाच नीट काही सांगता येत नाही. एकदा गहू पाण्यात पडला की माघार नाही, म्हणून आपण ढग दिसत असतानाही कुरडया घालून मोकळे होतो. तिथेच घात होतो.

त्यामुळे माझं उत्तर एवढंच: वाळवणाचे दोन तुकडे करा. चीक काढणं हे एक काम, कुरडया घालणं हे दुसरं. मधे थांबायची जागा ठेवा.

थांबायची जागा म्हणजे बसलेला चीक. वाटलेला गहू भरपूर पाण्यात कुस्करून, चोथा पिळून, सुती कापडातून गाळून घेतला की ते पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वर पिवळट निवळी येते, ती पूर्ण ओतून द्या. चिकाच्या अगदी वरचा करडा, बुळबुळीत थरही चमच्याने खरवडून काढा. हा थर ठेवला की कुरडई तांबूस होते, आणि पुष्कळ जणी त्याचा दोष गव्हाला देतात. खाली जो पांढरा घट्ट चीक राहतो, त्यावर दोन बोटं ताजं पाणी घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर तो दोन दिवस चांगला राहतो. पाणी रोज बदलायचं. एवढ्याने तुम्हाला दोन दिवसांची उसंत मिळते, आणि पावसाचा अंदाज तेवढ्याच दिवसांचा खरा असतो.

याहून पक्का उपाय म्हणजे चीक सुकवून ठेवणं. घट्ट चीक कापडात बांधून तासभर टांगून ठेवा, मग हाताने मोडून त्याचा चुरा सुती कापडावर अर्ध्या इंचापेक्षा पातळ पसरा. दर दोन तासांनी हाताने फोडत राहायचं. चुऱ्याला हवा सगळीकडून लागते, म्हणून चांगल्या उन्हात एका दिवसात आणि पंख्याखाली दीड-दोन दिवसांत तो सुकतो. कुरडईसारखा आकार सांभाळायचा नसतो, त्यामुळे पाऊस आला तर कापडाची चारही टोकं धरून उचललं की झालं. मिक्सरमधून फिरवून, चाळून, कोरड्या डब्यात भरा. पुढे कुरडया करताना 100 ग्रॅम सुक्या चिकाला पावणेदोनशे ते दोनशे मिली पाणी या अंदाजाने घ्या. त्यातल्या निम्म्या पाण्यात चीक अर्धा तास भिजवून गुठळ्या मोडायच्या, उरलेलं पाणी मीठ-हिंग घालून उकळायला ठेवायचं. गव्हागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा आधी वाटीभर करून बघा.

ओला चीक घेतला तर प्रमाण नेहमीचंच, एक भांडं चिकाला एक भांडं पाणी, चीक फार घट्ट असेल तर सव्वा. पाणी खळखळून उकळल्यावर चीक बारीक धारेने सोडत लाकडी उलथन्याने घाटायचा. पांढरेपणा जाऊन तो काचेसारखा चमकला, की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं दणदणीत वाफ. कुरडया तुटतात त्या बहुतेक वेळा इथे घाई झाल्याने. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून पडतो छान, पण वाळताना एकेक तार सुटी होते. मीठ चवीला किंचित कमीच वाटलं पाहिजे. पाणी उडून गेल्यावर ते आपोआप जास्त लागतं, आणि जास्त मीठ पावसाळ्यात डब्यात हवेतली ओल ओढून घेतं.

आता तुमचा दुसरा बिघाड, आंबूस वास आणि तडकलेल्या कुरडया. ही उष्णतेची करणी आहे. आईने-आजीने सांगितलेले "तीन दिवस" हे फाल्गुन-चैत्रातल्या हवेचे तीन दिवस होते. आता एखाद्या वर्षी मार्चच वैशाखासारखा तापतो. 2022 चा मार्च देशातल्या 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण मार्च ठरला. पाणी जितकं कोमट तितकं आंबणं वेगाने होतं, हे इडलीच्या पिठावरून आपल्याला माहीतच आहे. म्हणून दिवस मोजू नका, दाणा बघा. दुपारचं तापमान 32 च्या आसपास असेल तर तीन दिवस लागतील. 38 च्या वर गेलं तर दोन दिवसांतच काम होतं. गव्हाचा दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरं दूध सहज बाहेर यावं आणि हातात फक्त साल उरावं. तसं झालं की त्याच दिवशी वाटायचं, "उद्या रविवार आहे" म्हणून थांबायचं नाही. भर उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा बदला आणि भांडं घरातल्या थंड कोपऱ्यात, शक्य तर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. थोडा आंबटपणा हवाच, त्याने चीक सालापासून सुटतो. पण फेस आला आणि वास नाकात चढला की पुढे कितीही निवळी काढा, तो वास जात नाही.

तडकणं वेगळं. गरम, कोरड्या वाऱ्यात 42 अंशांच्या उन्हात ओली कुरडई ठेवली की बाहेरची तार तासाभरात कडक होते, आतला गाभा ओलाच राहतो. मग आतलं पाणी सुटताना गाभा आक्रसतो, वरचं कवच आक्रसू शकत नाही, आणि चीर जाते. हीच कुरडई वरून कडकडीत वाटते, आपण डब्यात भरतो, आणि आषाढात तिला आतून बुरशी येते. म्हणजे कडक ऊन हे नेहमी वरदान नसतं. उपाय साधा आहे. कुरडया सकाळी सात-साडेसातला घालून संपवा, म्हणजे पहिले दोन-तीन तास कोवळं ऊन मिळतं. अकरा ते तीन पहिल्या दिवशी वरून जुनी पातळ सुती साडी ताणून बांधा, पदार्थाला टेकू न देता. दुसऱ्या दिवशी खुशाल उघडं ऊन द्या.

पावसाकडे परत येऊ. वाळवण म्हणजे ऊन हा आपला मोठा गैरसमज. वाळवतो तो वारा आणि हवेतला कोरडेपणा, ऊन फक्त घाई करतं. पदार्थात वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास पाणी उरलं की बुरशीला वाढता येत नाही. पण तोच पदार्थ 70 टक्क्यांहून जास्त आर्द्रतेच्या हवेत उघडा राहिला तर पाणी परत शोषतो. म्हणून अंदाज बघताना "पावसाची शक्यता" एवढंच बघू नका, रात्रीची आर्द्रता बघा. हवामान खात्याच्या मौसम ॲपवर जिल्ह्याचा अंदाज मिळतो, आणि पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाजही असतो. गच्चीवर वाळवण असताना तो दुपारी एक आणि तीन वाजता बघायची सवय लावा. विजांसाठी दामिनी ॲप आहे. गडगडाट सुरू झाल्यावर कुरडया वाचवायला गच्चीवर धावू नका, त्या भिजल्या तर भिजल्या.

गाव कुठलं यावर बरंच अवलंबून आहे. विदर्भात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, तिथे ओलीपेक्षा तडकण्याची काळजी जास्त. कोकणात दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की ऊन दिसतं पण वाळत काही नाही. तिथे सकाळी नऊ ते एक-दीड एवढाच कामाचा वेळ धरा आणि दिवस दीडपट. नाशिककडे तुम्ही मधे आहात. दुपार कोरडी, पण पाऊस पडून गेल्यावर दोन रात्री दमट.

तारीख अलीकडे घ्यावी का? हो, पण डोळे झाकून नाही. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ देशावर चांगला. मेच्या मानाने ऊन मवाळ, हवा कोरडी, गहू नीट भिजतो. कुरडईला दोनऐवजी तीन-चार दिवस लागतील इतकंच. पण गारपीटही याच दिवसांतली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राने ती अनुभवली आहे. तेव्हा निर्धोक असा महिना शोधत बसू नका. ऑक्टोबरच्या उन्हात करू म्हणणाऱ्यांनाही सांगते, पाऊसही उशिरा परततो आहे. हवामान खात्याने 2020 मध्ये सरासरी तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली.

5 किलो एकदम हेही सोडा. दीड-दीड किलोचे घाणे करा, दोन घाण्यांत निदान आठवडा जाऊ द्या. एक बुडाला तरी दोन हाती लागतात. आणि एक मोठं प्लास्टिक अंथरण्याऐवजी तीन बाय चार फुटांचे तुकडे वापरा, शक्य तर बाजेवर किंवा पाटांवर. दोघींनी दोन टोकं धरून उचलता आलं पाहिजे.

पाऊस मधेच आला तर काय करायचं, हे कुरडई कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं. पहिल्या चार-पाच तासांत ती कागदाला चिकटलेली असते. तेव्हा सोडवायला जाऊ नका, कागदासकट आत आणा आणि पंख्याखाली ठेवा. वरून सुकली पण बुडाशी ओली असेल तर उलटून जाळीवर किंवा मोठ्या चाळणीत ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. चामड्यासारखी झाली असेल तर सुती कापडात मोकळी पसरा. डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आत घाम सुटतो. पंखा लावताना खोली बंद ठेवणं ही नेहमीची चूक आहे. कुरडयांतून निघालेलं पाणी त्याच खोलीत फिरत राहतं. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, बाहेर पाऊस कोसळत असेल तर त्या लावून एसी ड्राय मोडवर चालवा. एसीतून नळीने बाहेर पडणारं पाणी बघितलंत की ते का उपयोगी पडतं ते कळेल. विजेवरचं वाळवणी यंत्र असेल तर पहिले दोन तास 50 अंश, नंतर 55 ते 60, एकूण सात ते नऊ तास. सुरुवातीलाच 70 लावलं तर वर सांगितलेलं तडकणं घरात घडेल. आणि 24 तासांनंतरही चिकटपणा गेला नाही, बोटाला तार येऊ लागली, तर तो घाणा सोडून द्या.

बुरशीबाबत मात्र तडजोड नको. काळा किंवा हिरवा ठिपका पुसून, ऊन दाखवून, तळून खायची पद्धत घरोघरी आहे. काही बुरशींचं विष तळणाच्या तापमानालाही टिकतं. मिरचीच्या बाबतीत हा धोका जास्त. ठिपके आलेली मिरची मसाल्यात ढकलू नका.

घरगुती सौर पेटी करून घ्यायची असेल तर चार बाय दोन फूट पुरते. तळाला काळा रंगवलेला पत्रा, त्यावर चार इंचांवर जाळीचा ट्रे, वर काच किंवा अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. पुढे खाली आणि मागे वर एक-एक इंचाच्या भोकांची रांग, दोन्हींना मच्छरदाणीची जाळी. वरची भोकं खालच्यांपेक्षा जास्त ठेवा. बहुतेकांच्या पेट्या इथेच फसतात. आत ऊब राहावी म्हणून भोकं कमी करतात, मग काचेच्या आतून थेंब धरतात आणि टपटप कुरडयांवर पडतात. उतार पाणी ओघळून जाण्यापुरता पुरे, मे महिन्यात सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावरच असतो. एका ट्रेवर तीन इंची कुरडया अर्ध्या इंचाच्या अंतराने पाऊणशेच्या आसपास बसतात. म्हणजे 5 किलोचं काम तिच्याने एका फेरीत होणार नाही.

वाळलं की नाही हे हाताला विचारू नका, वजनकाट्याला विचारा. दहा कुरडया तोलून आकडा लिहा, चार तास ऊन द्या, पुन्हा तोला. वजन घटलं नाही तर झाल्या. दुसरी खूण: चार कुरडया काचेच्या बरणीत घट्ट बंद करून दोन तास उन्हात ठेवा. आतून धुकं धरलं तर अजून पाणी आहे. डब्यात भरल्यावर आठवड्याने एक ऊन दाखवा आणि दोन-चार तळून बघा. मधोमध कडक राहिली, फुललीच नाही, तर गाभा ओला आहे.

बाकीच्या वाळवणाचं झटपट सांगते. उडदाचे पापड मळभाच्या वर्षी सर्वांत भरवशाचे. ते मुळात सावलीत सुकवायचे, शेवटी दहा-पंधरा मिनिटं ऊन. उलट जास्त उन्हात ते वाकडे होतात. पळीपापड्या, मग त्या तांदळाच्या असोत की साबुदाण्याच्या, पातळ असल्याने दीड-दोन दिवसांत होतात. बटाट्याचा कीस चकत्यांपेक्षा लवकर वाळतो. साबुदाणा-बटाटा चकली ढगाळ दिवसांत टाळा, बटाट्यामुळे ती लवकर उतरते. सांडगी मिरची आणि कोहळ्याचे सांडगे जाड, त्यांना पाच ते आठ दिवस लागतात. ते फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावेत, मेवर सोडू नयेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सोडून द्यावं का. मेमध्ये सगळ्या जमतात म्हणून तुम्ही तो आठवडा धरता, आणि ते जमणं हातचं जाऊ नये हे मला पटतं. तेव्हा मार्चमध्ये दोघी-तिघींनी चीक काढून सुकवून ठेवा. मेमध्ये सगळ्या आल्या की आदल्या संध्याकाळी अंदाज बघा. दोन दिवसांची उघडीप दिसली तर पहाटे सुका चीक भिजवा, साताच्या आत घाटून कुरडया घाला. तीन दिवसांची आंबवणी तेव्हा करावीच लागत नाही. उघडीप नसेल तर त्या दिवशी उडदाचे पापड लाटायला बसा, आणि वाटीभर चीक मुलांसाठी घाटून दूध-साखर घालून द्या. उरलेला सुका चीक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, वर तारीख लिहा. पावसाळ्याच्या तोंडावर तो एकदा पसरून बघा. गुठळ्या झाल्या असतील पण वास स्वच्छ असेल, तर मंद आचेवर कढईत हात भाजणार नाही इतपत कोमट करून, पूर्ण गार झाल्यावरच परत भरा.